मुक्काम कुठे?

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी अण्णांना, माझ्या वडलांना, मोबाइलवर आमच्या सहलीचं वेळापत्रक दाखवलं. 24, 25 आणि 26 जानेवारी. शनिवार, रविवार आणि त्याला लागून सोमवारी आलेला प्रजासत्ताक दिन. अण्णा आता 78 वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि अंगठ्याने हळूहळू वर सरकवत सगळं वाचलं. नाशिक सोडणे 5.00, हट्टी 6.45, धोडप चढाई 7.00, माथ्यावर 25 मिनिटं, असं सोमवारी रात्रीपर्यंत. वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मुक्काम कुठे?" मी म्हटलं, "पहिल्या रात्री सटाण्यात लॉजवर, दुसऱ्या रात्री ताहाराबादला. मुक्काम असा नाहीच हो. रात्री दहाला पोचायचं, नुसती पाठ टेकायची आणि पहाटे पाचला निघायचं." "बरं," म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन पुन्हा खिडकीबाहेर बघत बसले.

त्या ‘बरं’चा सल काही केल्या जाईना.

आमचा सात-आठ जणांचा गट आहे. कुणी अंबडच्या कारखान्यात, कुणी शाळेत, एक मैत्रीण बँकेत. गेली पंधरा वर्षं आम्ही मिळून डोंगरात जातो आणि आखणी माझ्याकडे असते. हिशेबाच्या खात्यात आयुष्य गेल्यामुळे रकाने भरणं मला जमतं आणि मनापासून आवडतंही. सलग तीन दिवस सुटी वर्षातून दोन-तीनदाच मिळते, ती वाया घालवायची नाही या एका ध्यासाने मी नोव्हेंबरपासून नकाशे घेऊन बसले होते. नाशिककराला डोंगर शोधायला जावं लागत नाही. मेरी संस्थेजवळच्या आमच्या गच्चीवरून म्हसरूळची चामरलेणी दिसते, उत्तरेला रामशेजचं बसकं डोकं दिसतं, आणि पाऊस सरल्यावर हवा धुतल्यासारखी झाली की पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी एकामागे एक उभे राहतात. प्रश्न असतो तो कुठे जायचं नाही याचा. लाँग वीकेंडला मुंबईच्या गाड्या कसारा घाट चढून येतात आणि इगतपुरी, त्र्यंबक, भंडारदरा भरून जातं. हरिहरच्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खोळंबतात. कोरलेल्या खोबणीत बोटं रुतवून उभं असताना वरून कुणाची तरी बाटली टणटणत खाली येते, ते मी पाहिलेलं आहे. कळसूबाईच्या शिड्यांना रांग लागते. म्हणून अशा सुटीत नाशिककराने उत्तरेची वाट धरावी, असं माझं ठाम मत आहे. वडाळीभोई, सोग्रस फाटा, देवळा, सटाणा आणि पुढे बागलाण. तिकडे डोंगर मोठे आहेत आणि माणसं कमी.

तर माझ्या शीटमध्ये तीन दिवसांत सहा ठिकाणं होती. धोडप, साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा आणि मांगी-तुंगी. प्रत्येकाचा गाडीचा वेळ, चढाईचा, उतरण्याचा, जेवणाचा. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली चालण्याचा एक हिशेब मांडला होता. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि चढाईच्या दर सहाशे मीटरला वर आणखी एक तास. तोच हिशेब मी लावला होता. सगळं बसत होतं. एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना कुठे दहा मिनिटंसुद्धा सांडत नव्हती. गटातल्या सगळ्यांनी अंगठे पाठवले. मलाही छान वाटत होतं, आणि नेमक्या त्या छान वाटण्यात अण्णांनी मुक्काम विचारला.

दोन दिवसांनी मी साल्हेरवाडीत फोन लावला. एका ट्रेकर मित्राने तिथल्या एका घराचा नंबर दिला होता, घरी जेवण करून देतात म्हणून. फोनवर दादा होते. माणसं किती, तारीख काय, शाकाहारी किती हे सगळं झालं. मी म्हटलं, "दादा, आम्ही दुपारी 12.40 ला खाली येऊ आणि एकला निघू. ताटं तयार ठेवा, वीस मिनिटं आहेत आमच्याकडे." पलीकडून काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. मग दादा अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, वीस मिन्टात भाकर कशी व्हईल? मानूस बसला का मंग थापायची असती. आधी करून ठेवली का ती वातड व्हती. नागलीची भाकर हाये." मी म्हटलं, वातड झाली तरी चालेल. ते म्हणाले, "तुम्हाला चालंल हो. आमच्या घरात नाही चालत."

यात रागाचा सूर अजिबात नव्हता. घराची रीत काय आहे तेवढं त्यांनी सांगितलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या 12.40 च्या रकान्याकडे बघत राहिले. ज्या घरात जाऊन जेवायचं, त्या घरातल्या बाईला चुलीपुढे बसायला लागणारा वेळ मी कुठेच धरला नव्हता. डोंगराची उंची धरली होती, रस्त्यावरचे गतिरोधक धरले होते, उन्हाची तिरीप धरली होती. माणसं धरायची राहिली होती.

अण्णा सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये होते. त्यांच्या सुट्या ठरलेल्या, पगार बेताचा आणि गाडी म्हणजे एसटी. तरी त्यांनी मला सगळा जिल्हा दाखवला. पहिला डोंगर रामशेज, मी सात-आठ वर्षांची असताना. आशेवाडीतून चढायला तासभरसुद्धा लागत नाही, आणि एवढ्याशा टेकाडाने औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं, हे अण्णांनी वर बसून सांगितलं तेव्हा मी दगडांना हात लावून पाहिला होता. त्यांच्या सहलीची आखणी सीबीएसवरच्या, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती एसटी स्टँडवरच्या, चौकशीच्या खिडकीपाशी व्हायची. ड्युटी सुटल्यावर ते मुद्दाम तिथे उतरायचे, रांगेत उभे राहायचे आणि खिशातल्या छोट्या डायरीत गाड्यांच्या वेळा लिहून आणायचे. त्या वेळांतली सगळ्यात महत्त्वाची वेळ असायची मुक्कामी गाडीची. आडगावाला दिवसातून एकदा किंवा दोनदा गाडी जायची. संध्याकाळी जाणारी तिथेच रात्र काढायची आणि पहाटे परत फिरायची. ती पकडायची, तिच्याबरोबर गावात राहायचं, डोंगर करायचा आणि दुसऱ्या मुक्कामी गाडीने सकाळी परतायचं. म्हणजे कुठल्याही डोंगराला दोन रात्री लागायच्याच. त्याहून लवकर उरकणं एसटीनेच अशक्य करून ठेवलं होतं.

1990 च्या दिवाळीच्या सुटीत मी पहिल्यांदा साल्हेरला गेले ती अशीच. मी दहा वर्षांची होते. पहाटेच्या गाडीने सटाणा, मग स्टँडवर दुपारपर्यंत बसणं. त्या वेळात अण्णांनी मला देवमामलेदारांच्या देवळात नेलं. दुष्काळात लोक अन्नाला महाग झाले तेव्हा ज्या मामलेदाराने सरकारी खजिना उघडून वाटला, त्याचं हे देऊळ. लोकांनी एका सरकारी अधिकाऱ्याला देव केलं, यावर अण्णा स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे फार भरभरून बोलायचे. संध्याकाळी साल्हेरची गाडी लागली. मुल्हेर सुटल्यावर अंधार पडला. गाडीत शेळी होती, दुधाचे रिकामे कॅन होते, बाजार करून परतणाऱ्या बायका होत्या आणि टपावर कुणाच्या तरी लग्नाचं कपाट होतं. गाव आलं तेव्हा गाडीच्या उजेडात आधी पोरं दिसली. ती गाडीची वाट बघत उभी होती, दुसरं काही काम नव्हतं त्यांना. ड्रायव्हरकाकांनी गाडी मुद्दाम उताराला तोंड करून लावली आणि चाकांपुढे दगड ठेवले. पहाटेच्या गारठ्यात इंजिन उठलं नाही तर दगड काढायचे आणि गाडी उतारावर सोडायची, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग कंडक्टरकाकांनी कंदिलाच्या उजेडात हिशेब मांडला. पत्र्याचा तो ट्रे अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पिवळ्या, गुलाबी, निळ्या तिकिटांचे गठ्ठे आपापल्या खणात रबर लावून बसलेले, कडेला तो भोकं पाडायचा चिमटा. त्यांनी प्रत्येक गठ्ठ्याचं वरचं तिकीट बघितलं, नंबर वे-बिलावर लिहिला, चिल्लर वेगळी करून कागदात गुंडाळली. दिवसभर खिळखिळ करत आलेला तो चिमटा त्यांनी फडक्याने पुसून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "झोपला आता हा."

मी हिशेबाच्या नोकरीत गेले त्याचं बी त्या कंदिलापाशी पडलं असावं.

रात्री जेवायला ज्या घरी गेलो त्यांची आमची ओळख नव्हती. ड्रायव्हर-कंडक्टर रोजचे, त्यांच्याबरोबर आम्ही दोघं जास्तीचे. त्या घरातली आजी काही न बोलता परातीत आणखी पीठ ओतत गेली, एवढं आठवतं. रात्री देवळात झोपलो. पहाटे थंडीने दात वाजत होते आणि पडवीतून बाहेर आले तर समोर अख्खं आभाळ अडवून साल्हेर उभा होता. आदल्या रात्री अंधारात आलो होतो, त्यामुळे तो इतका जवळ आहे हे मला माहीतच नव्हतं. 1567 मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. हा आकडा मी नंतर कित्येकदा लिहिला असेल, पण त्याची उंची मला कळली ती त्या पडवीत, अंगावर गोधडी घेऊन मान वर करताना.

आता हे लिहिताना मी गोड तेवढंच लिहिते आहे हे माझ्या लक्षात येतंय. त्या देवळात पिसवा होत्या आणि मी आठवडाभर अंग खाजवत होते. मोठी झाल्यावर बाईच्या जातीला उजाडायच्या आत बाहेर जाऊन यायचं म्हणजे काय असतं तेही कळलं. आजही गटातल्या आम्ही चौघी तारखा ठरवताना आधी पाळीच्या तारखा बघतो आणि कुठल्या घरी संडास आहे ते विचारतो. याला लाजायचं काही कारण नाही, पाण्याच्या बाटलीइतकीच ती गरजेची गोष्ट आहे. आणि आईचं काय? अण्णांच्या डायरीत आईसाठी कधी जागा नव्हती. ती पहाटे तीनला उठून दशम्या करायची, शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, आम्हाला दारातून निरोप द्यायची आणि आम्ही आलो की मातीचे कपडे भिजत घालायची. येतेस का, असं तिला अण्णांनी एकदाही विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. तिला जाऊन चार वर्षं झाली. आयुष्यभर नाशिकमध्ये राहून तिने डोंगरातल्या गावात एक रात्रसुद्धा काढली नाही. अण्णांच्या मुक्कामांबद्दल मला कितीही माया असली तरी हे त्यांच्या आणि माझ्या नावावर आहेच.

त्यामुळे जुनं ते चांगलं असं मी म्हणू शकत नाही. पण माझ्या शीटमध्ये काय बिघडलं होतं ते मला दुसरीकडूनही ठाऊक होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही एका दिवसात मार्कंड्या आणि रवळ्या-जवळ्या घेतले होते. मधल्या मुळाणबारी खिंडीतून एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा, नकाशावर अगदी सोपं. सकाळचा डोंगर छान झाला. दुपारी दुसऱ्यावर चढताना बँकेतली मैत्रीण मागे पडू लागली. तिचं पाणी संपत आलं होतं, तिने सांगितलं नाही, कारण वेळापत्रक मागे पडतंय हे तिला दिसत होतं. मी दर अर्ध्या तासाने घड्याळ बघून मोठ्याने सांगत होते ना, किती मिनिटं मागे आहोत ते. उतरताना सूर्य गेला. वाळलेल्या गवतावरून तिचा पाय सटकला आणि घोटा वळला. पायथ्याच्या वाडीतली दोन पोरं बॅटऱ्या घेऊन वर आली, त्यांनी तिला आळीपाळीने आधार देत खाली आणलं. रात्रीचे साडेनऊ झाले. ती मला आजवर एका शब्दाने बोललेली नाही. पण तिच्या घोट्यावरची सूज ही माझ्या दहा-दहा मिनिटांच्या रकान्यांची होती, हे मला पक्कं माहीत आहे. नेस्मिथचा हिशेब धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा. त्यात आपलं ऊन नाही, घसारा नाही, मागे राहिलेल्या मैत्रिणीचा संकोच तर नाहीच नाही.

एका रविवारी सकाळी मी शीट उघडलं आणि खोडायला बसले. मांगी-तुंगी गेलं. मोरा आणि मुल्हेर गेले. धोडप खोडताना हात अडला, कारण धोडपवर माझा जीव आहे, पण तोही गेला. सालोट्यापुढे ‘जमलं तर’ असं लिहिलं. राहिला एक साल्हेर, आणि दोन रात्री साल्हेरवाडीत. चढाईला ताशी तीनशे मीटर धरले, तेही सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवून. परतीची वेळ आधी लिहिली. जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य जातो, म्हणून चारच्या आत सगळे खाली. दुपारी बाराला जिथे असू तिथून वळायचं, माथा दिसत असला तरी. माणशी तीन लिटर पाणी आणि कुणाचं किती उरलंय ते दर थांब्याला मी स्वतः विचारायचं. अत्तर, सेंट काही लावायचं नाही, धूर करायचा नाही, कारण कड्यांना आग्या मोहोळं असतात. आणि महिनाभर सकाळी पाथर्डी फाट्याला जमून पांडवलेणीच्या पायऱ्या. पहिल्या दिवशी आम्ही धापा टाकत वर पोचलो, शेवटच्या आठवड्यात गप्पा मारत.

खोडून झाल्यावर जे शीट उरलं त्यात रविवारी दिवसभर गावात गाडी उभी राहणार होती आणि एक घर आमच्यासाठी उघडं असणार होतं. ते बघताना मला एकदम जाणवलं की आता या सहलीत डोंगर न चढणाऱ्या माणसालाही जागा झालीय. मी उठून अण्णांच्या खोलीत गेले. म्हटलं, "येता का साल्हेरला? तुम्ही गावात बसायचं, आम्ही वर जाऊन येतो." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडीत जागा आहे?" मी म्हटलं, आहे. "गुडघे धरले तर तुम्हाला अडकून पडायला होईल." मी म्हटलं, अडकायला वेळ ठेवलाय. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला. ते आईने विणलेली कानटोपी शोधत होते.

शनिवारी आठला निघालो, शीटमध्ये आधी पाच लिहिले होते. पिंपळगावपर्यंत द्राक्षबागांवर धुकं होतं. वडाळीभोईच्या आसपास डावीकडे धोडप दिसायला लागला, ती भिंत आणि तिच्यात सुरीने कापल्यासारखी खाच. 1768 साली माधवराव पेशव्यांनी राघोबादादांना हरवलं ते इथेच. काका-पुतण्याची लढाई, अण्णांनी माझ्या लेकीला ती गोष्ट देवळा येईपर्यंत पुरवली. कसमादे, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात उन्हाळ कांद्याची लागण चालू होती. वाफ्यात ओणवलेल्या बायकांच्या रांगा, पाटाच्या पाण्यावर ऊन, मधेच डाळिंबाच्या बागा. सटाण्यात देवमामलेदारांच्या देवळात अण्णा पायरीवर बसले, मी आत जाऊन आले. बाहेर आले तेव्हा ते स्टँडच्या दिशेने बघत होते. काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

साल्हेर मी एकूण पाच वेळा केलाय. या वेळी पहिल्यांदा वर बसले. पहाटे साडेसहाला निघालो, दरवाज्यांमागून दरवाजे, कातळातल्या पायऱ्या, पायमोज्यांत घुसणारी कुसळं, उजव्या हाताला नुसती पोकळी. जानेवारीतलं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं आणि वारा आला की सगळा उतार एका बाजूला झुकतो, त्याचा आवाज समुद्रासारखा येतो. गुहांपाशी थांबलो. गंगासागराच्या पाण्याला तोंड लावलं तर हिरड्या बधिरल्या. सव्वादहाला परशुरामाच्या पादुकांपाशी होतो आणि पुढचा दीड तास तिथून कुणी हललं नाही. माझी सोळा वर्षांची लेक उताणी पडून आभाळ बघत होती. बँकेतली मैत्रीण सगळ्यांच्या आधी माथ्यावर आली होती आणि बूट काढून पाय उन्हात पसरून बसली होती. इथेच कुठेतरी खाली 1672 मध्ये मोरोपंत आणि प्रतापरावांनी मोगलांना उघड्या मैदानात लोळवलं, सूर्यराव काकडे पडले. 2025 मध्ये हा किल्ला इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्याबद्दल गावातही लोक बोलत होते. लेकीने विचारलं, एवढी माणसं त्या मैदानात मावली असतील का? आम्ही सगळे खाली बघत राहिलो. शेतं, पायवाटा, एका झापावरून निघालेला धूर.

खोटं कशाला बोलू, मला हळहळ वाटली. पूर्वेला मुल्हेर, मोरा आणि हरगड ओळीने दिसत होते, मांगी-तुंगीचे दोन सुळके दिसत होते, दक्षिणेला सातमाळ रांगेत धोडप ओळखू येत होता. सगळी खोडलेली ठिकाणं समोर उभी होती. अजून किती वर्षं गुडघे साथ देतील, असं सलग तीन दिवसांचं किती वेळा जमेल, हा हिशेब मनात झालाच. तो चुकीचा आहे असंही मला वाटत नाही. पावणेबाराला लेकीने सालोट्याकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आम्ही खाली उतरलो.

सोमवारी गावातल्या शाळेत झेंडावंदन झालं. दादांनी फोनवरच बजावून ठेवलं होतं, पोरांचं बघून जा. त्या पोरांनी थंडीत अर्ध्या चड्डीवर म्हटलेलं राष्ट्रगीत, कडक इस्त्रीचे शर्ट, हातात दिलेला बुंदीचा कागद, यावर वेगळं लिहीन. मला सांगायची आहे ती आदल्या दिवसाची संध्याकाळ.

साडेतीनला आम्ही खाली पोचलो तेव्हा अण्णा दादांच्या ओट्यावर खाटेवर बसून शेंगा फोडत होते. पुढ्यात टोपलं, एका बाजूला दाणे, दुसऱ्या बाजूला टरफलं, दोन्ही ढीग अगदी नीट. दिवसभरात त्यांनी दादांच्या वडलांशी 1972 च्या दुष्काळापासून कांद्याच्या भावापर्यंत सगळं बोलून घेतलं होतं. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वरचं टाकं अजून तसंच आहे?" मी म्हटलं, तसंच. ते म्हणाले, "पाणी गार असेल." मी हो म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसून शेंगा घेतल्या.

दिवेलागणीला आत चूल पेटली. मी आणि लेक वहिनींपाशी जाऊन बसलो. परातीत नागलीचं पीठ, राखाडी-तांबूस. वहिनींनी त्यात कढत पाणी ओतून आधी उलथन्याने फिरवलं, मग हात घातला. तळव्याच्या टाचेने पीठ पुढे रेटायचं, बोटांनी मागे ओढायचं, पुन्हा रेटायचं. चिकट होईस्तोवर हे चालू राहिलं. मग गोळा हातावर घेऊन थापायला सुरुवात, एका तळव्यावरून दुसऱ्यावर, फट फट फट, आणि प्रत्येक थापेसरशी भाकरी बोटभर मोठी होत गेली. तव्यावर पडली की ओल्या हाताने वरून पाणी फिरवायचं. उलटायची. मग तवा बाजूला करून निखाऱ्यांपुढे उभी करायची. ती हळूहळू फुगली आणि तिच्या कडेने वाफेची बारीक रेघ बाहेर आली. एका भाकरीला किती वेळ लागला ते लेकीने मोजलं नाही, मीही नाही. वहिनी म्हणाल्या, "बाबांना आधी वाढू का, का समदे संगंच बसता?" मी म्हटलं, सगळे संगंच.

बाहेर हॉर्न वाजला. पोरं पळाली. मी ओट्यावर आले तर वळणावर एसटीचे दिवे दिसत होते. गाडी पिंपळाखाली येऊन थांबली, माणसं उतरली, पिशव्या उतरल्या. अण्णा खाटेवरून उठून ओट्याच्या कडेपर्यंत आले होते. कानटोपी कपाळावर ओढलेली, एक हात खांबाला. ड्रायव्हर गाडी मागेपुढे करून लावत होता. कंडक्टर, पोरगाच होता, तिशीचासुद्धा नसेल, गळ्यात तिकिटाचं मशीन लटकवून पाण्याची बाटली भरायला आमच्याकडे आला. दादांनी हंड्याकडे हात केला. बाटली भरेपर्यंत अण्णा त्या मशीनकडे बघत होते.

"मुक्काम कुठे?" त्यांनी त्याला विचारलं.

"हितंच बाबा, गाडीतच. सकाळी सहाला सुटायचं."

अण्णा मागे झाले, खाटेवर एका बाजूला सरकले आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बस मग," म्हणाले. "भाकऱ्या व्हायला अजून वेळ आहे."